आजोबा, नात आणि एकच वेळापत्रक

पहाटे साडेपाच

स्वयंपाकघरात आधणाचा आवाज येतो तो बाबांच्या हातचा. मिरज स्टेशनातली नोकरी संपून बरीच वर्षं झाली, ड्यूटीची जाग मात्र गेली नाही. भांडं ओट्यावर टेकलं की शेजारच्या खोलीतून धाकटी डोळे चोळत बाहेर येते आणि थेट त्यांच्या मांडीवर जाऊन बसते. ती साडेतीन वर्षांची, ते त्र्याहत्तरचे. दोघांना भूक एकाच वेळी लागते, अकरा वाजून गेले की दोघंही किरकिरे होतात, दुपारी दीडला दोघांचे डोळे मिटतात आणि संध्याकाळी सातनंतर दोघांनाही गर्दी सोसत नाही.

घरात या वेळापत्रकाशी न जुळणारी माणसं म्हणजे आपण, मधल्या वयाची. आपल्याला शनिवारी आठपर्यंत लोळायचं असतं, अकराला बाहेर पडायचं असतं, अडीचला जेवायचं आणि रात्री दहाला आइस्क्रीम खायला जायचं असतं. आजी-आजोबा आले की फिरणं अवघड होतं, अशी तक्रार मी मैत्रिणींकडून नेहमी ऐकते. त्या किती वाजता घरातून निघाल्या एवढंच विचारलं की बहुतेक वेळा कारण सापडतं.

डिसेंबरचा शनिवार आहे. नवरा भोसरीला कामावर गेलाय, त्याच्या कंपनीची सुट्टी गुरुवारची. म्हणजे आजच्या गाडीला गार्ड आणि ड्रायव्हर मीच. आई-बाबा मिरजेहून आलेत, तेही नातवंडांसाठी आलो असं तोंडानं म्हणत, मनात सवाई धरून. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी आणि भीमसेनांनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव. बाबांच्या दृष्टीनं सवाई म्हणजे मिरजेचाच पुण्यात भरणारा कार्यक्रम. एक रात्र दोघं ऐकून आले. मुलं त्या दिवशी घरी होती आणि कुणालाही त्याचं वाईट वाटलं नाही. सगळ्यांनी सगळीकडे बरोबरच जायला हवं, हा आग्रह पहिल्या दिवशीच सोडलेला बरा.

सात

पिशवी भरणं. मुलांच्या पिशवीचं मला पाठ आहे: पाणी, टोपी, कपड्यांचा एक जोड, ओले रुमाल. मोठ्यांच्या पिशवीत काय लागतं ते कुणी सांगत नाही आणि ते स्वतः तर मुळीच सांगत नाहीत. आईला रक्तदाबाची गोळी आहे, लघवीला जास्त व्हायला लावणारी. बाहेर जायचं असलं की ती सकाळची गोळी गुपचूप चुकवते आणि दिवसभर पाणीही पीत नाही. 'तिथं सोय असेल-नसेल' हे तिचं कारण. म्हणून ठिकाण ठरवताना मी आधी स्वच्छतागृह बघते, मग बसायला बाक, मग सावली. काय बघण्यासारखं आहे हे त्यानंतर. आईला मी आधीच सांगून टाकते: मेट्रोच्या स्थानकात आहे, संग्रहालयात आहे, जेवू तिथं आहे. मग ती गोळी घेते.

याच चाळणीतून बरीच नावं खाली पडली. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत आणि आईचे गुडघे त्यांना नमस्कार खालूनच करतात. सिंहगड थोरल्याच्या यादीत होता. तो त्याच्या बाबाबरोबर जाईल. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा बघावा असाच आहे, आत मात्र १८२८ च्या आगीनंतर उरलेल्या जोत्यांवर ऊन, आणि सावली शोधत फिरणं. कात्रजचं प्राणिसंग्रहालय १३० एकरांचं. बॅटरीवर चालणारी गाडी मिळाली तरी तो एका पूर्ण दिवसाचा मामला आहे, दुसऱ्या कशाला जोडून करायचा नाही. आणि बुधवारी ते बंद असतं, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन दारात उभं राहिल्यावर कळू नये.

पीएमपीएमएलची पुणे दर्शन बस आहेच, एका दिवसात शहर दाखवून आणणारी. तरण्या पाहुण्यांसाठी उत्तम. आमच्या तुकडीला दोन ठिकाणं सकाळी, एक संध्याकाळी, मध्ये झोप. आईनं आणलेल्या भडंगाची पुडी आणि मूठभर बेदाणे वरच्या कप्प्यात. सांगलीकडची माणसं बेदाण्याशिवाय गाव सोडत नाहीत.

सव्वाआठ

वनाझ स्थानक घरापासून जवळ. मेट्रो ६ मार्च २०२२ ला इथून गरवारे महाविद्यालयापर्यंत सुरू झाली तेव्हा आम्ही हौसेनं बसायला गेलो होतो. आता ती खरंच कुठंतरी नेते. शनिवार-रविवारी तिकिटात ३० टक्के सवलत असते. ती कळल्यावर बाबांनी दोनदा हिशेब करून बघितला.

थोरल्याला पहिला डबा हवा, आजीला दाराजवळची जागा. नळस्टॉप, गरवारे, डेक्कन. डेक्कन आणि संभाजी उद्यान या दोन स्थानकांची छपरं मावळ्यांच्या पगडीसारखी केली आहेत, हे थोरला आजोबांना सांगतो, आणि खालून मुठा जाते. बाबा छपराकडे बघत नाहीत. त्यांचं लक्ष रुळांवर. "स्लीपर नाहीत रे," एवढंच म्हणतात आणि पुढची पाच मिनिटं आजोबा-नातू काँक्रीटवर बसवलेल्या रुळांबद्दल बोलतात. धाकटी उभ्या प्रवाशांना बेदाणे वाटते.

जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायची. इथं वरच्या मार्गावरून खालच्या मार्गावर जायचं आणि खालचा फलाट जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. सरकते जिने लांबच लांब. आई निऱ्या उचलून पहिल्या पायरीसमोर थांबते, एक पायरी जाऊ देते, दुसरी जाऊ देते. मागून कुणी 'चला मावशी' म्हणायच्या आत आम्ही लिफ्टकडे वळतो. लिफ्टला थोडी रांग असते, असू दे. नऊवारी असो, पाचवारी असो, सरकत्या जिन्याशी तिचा समेट घडवून आणणं हा आजच्या सहलीचा विषय नाही. थोरला आणि बाबा जिन्यानं उतरतात आणि खाली आमची वाट बघत उभे राहतात, जिंकल्यासारखे. स्वारगेटपर्यंतचा हा भुयारी टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला.

नऊ

स्वारगेटहून सारसबागेला रिक्षानं पाच मिनिटं. सकाळी नऊला बागेत फिरायला आलेली मंडळी घरी निघालेली असतात आणि सहलीची मंडळी अजून आलेली नसतात. हा मधला तास आपला.

हे पूर्वी तळं होतं. पेशव्यांची खलबतं इथं नावेत बसून होत, म्हणजे भिंतीला कान लागायला भिंतच नाही, अशी गोष्ट सांगतात. खरी असो-नसो, आठ वर्षांच्या मुलाला ती पुरते. मधल्या बेटावरचं गणपतीचं देऊळ सवाई माधवरावांच्या काळातलं, १७८४ चं. पाणी आटलं, बाग झाली, तरी नाव तळ्यातला गणपतीच राहिलं.

पण डिसेंबरात इथं यायचं ते या गणपतीचा स्वेटर बघायला. थंडी पडली की पुजारी मूर्तीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालतात. धाकटी हात जोडायचे विसरून बघत राहते. "त्याला कुणी विणला?" हा तिचा प्रश्न आणि आईला तो अगदी योग्य वाटतो. ती टाक्यांकडे निरखून बघते, मग देवाला नमस्कार करते. नंतर बाकावर बसून दोघींची पंधरा मिनिटं चर्चा चालते की उंदरालासुद्धा टोपरं हवं का. मी मध्ये पडत नाही. सहलीत मधल्या पिढीनं सतत काहीतरी दाखवत राहू नये. 'ते बघा, हे बघा' म्हणत आपण दोघांच्या मध्ये उभं राहतो आणि मग आजीला नात दिसत नाही, नातीला आजी.

शेजारी पेशवे पार्क. बाबा कॉलेजच्या सहलीत इथं आले होते, तेव्हा पिंजऱ्यात वाघ होता. थोरल्याला ते पटत नाही, कारण आता तिथं सायकल मारून चालणारी, ऊर्जेची खेळणी आहेत. वाघ कुठं गेला? सगळे प्राणी १९९९ मध्ये कात्रजला हलवले. मग वाघाला कशातून नेलं? ट्रकमधून? झोपवून? याची उत्तरं आजोबा आत्मविश्वासानं देतात. मी त्यांची शहानिशा करत नाही. फुलराणी ही छोटी आगगाडी इथं १९५६ पासून आहे. पुण्यात वाढलेल्या आजी-आजोबांची पोरपणीची गाडी तीच. नातवंडांसोबत तिच्यात बसलेली साठीपुढची माणसं हसताना मी पाहिली आहेत. आमचे बाबा मात्र तिकीट काढत नाहीत. "मी पगार घेऊन बसलेला माणूस आहे," म्हणतात.

साडेदहा

राजा दिनकर केळकर संग्रहालय दहाला उघडतं. बाजीराव रस्त्याच्या बाजूला, नातूबागेत. मुलांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन संग्रहालयात जाऊ नये, कंटाळतात, असं बरेच जण म्हणतात. इथं मी अगदी उलट सांगेन, फक्त सगळं बघायचं नाही हे दारातच ठरवून.

दिनकर केळकर (१८९६–१९९०) 'अज्ञातवासी' या नावानं कविता करत. पुढे गावोगाव हिंडून त्यांनी जुन्या वस्तू जमवल्या, वीस हजारांवर, आणि लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं हे संग्रहालय उभं केलं. त्यांची नजर सिंहासनांवर नव्हती. दिवे, अडकित्ते, कुलपं, पानाचे डबे, टाचा घासायच्या वज्री, स्वयंपाकघरातली भांडी. म्हणजे नेमकं तेच, जे आईनं वापरलंय, तिच्या आईनं वापरलंय आणि जे मुलांनी कधी पाहिलेलं नाही.

शेवयांच्या साच्यापाशी आई थांबते. "हा आमच्याकडं होता की! थोरल्या जाऊबाईंनी मोडीत घातला." मोडीत म्हणजे काय इथपासून सुरुवात. मग साचा कसा दाबायचा, शेवया खाटेवर कशा वाळत घालायच्या, त्यावर राखणीला कुणाला बसवायचं आणि राखणीला बसलेलं पोर त्याच कशा खायचं. पाटी वाचायची गरज पडत नाही. थोरल्याला खेळ सापडतो: तो पुढं पळत जाऊन एखादी वस्तू निवडतो, आजीला तिथं नेतो आणि विचारतो, "ओळख." बहुतेक ती ओळखते. एका नक्षीदार पितळी वस्तूपाशी मात्र तिलाही कळत नाही आणि दोघं मिळून पाटी वाचतात, तेव्हा ती पहिल्यांदा चष्मा काढते. अडकित्ता कात्रीसारखा दिसतो पण कागद कापत नाही, हे धाकटीला अन्यायाचं वाटतं. वज्री बघून ती तिथंच बूट काढायला बसते.

वाद्यांच्या दालनात पाळी बाबांची. मिरजेची माणसं तंबोऱ्यापुढे जरा ताठ उभी राहतात. थोरल्याला ते सांगतात की आपल्या गावात सतारी-तंबोरे करतात ती घराणी मूळची शिकलगारांची, तलवारींना धार लावणाऱ्यांची. लढाया कमी झाल्या, हातातलं कसब राहिलं, ते वाद्यांकडं वळलं. आणि हा खालचा भोपळा? तो पंढरपूरकडचा, शेतात मुद्दाम वाढवलेला, खायचा नाही. तलवारीपासून भोपळ्यापर्यंतची ही गोष्ट मी लहानपणी ऐकली होती का, मला आठवत नाही. बहुधा ऐकली असेल आणि मान डोलावून पळाले असेन.

मस्तानी महालापाशी शेवट. कोथरूडच्या वाड्यातला महाल इथं आणून पुन्हा उभा केला आहे, म्हणजे आपल्याच भागातला, यावर थोरला खूश. वरचा मजला राहिला, हत्यारं राहिली. तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून आणखी अर्धा तास काढला असता तर धाकटी रडली असती आणि बाबांनी पाय दुखत असल्याचं सांगितलं नसतं.

बारा

जेवण बाराला. शनिवारी एकला लक्ष्मी रस्त्यावर कुठंही जा, दारात नावं लिहून उभं राहावं लागतं. बाराला टेबल मिळतं. आम्ही पूना गेस्ट हाऊसला जातो. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी ते १९३५ मध्ये सुरू केलं. बाबांना सिनेमावाल्यानं खाणावळ काढल्याचं कौतुक, आईला थालीपिठावर लोणी किती दिलं याचं. मुलांना नवीन काही खाऊ घालायचा प्रयोग आज करायचा नाही. त्यांना भात, वर तूप.

तिथून मंडई चालत जाण्यासारखी आणि मेट्रोचं स्थानकही तिथंच. आईला मंडईच्या दारावरून पुढं नेणं शक्य नसतं, म्हणून तेवढी वीस मिनिटं मी आधीच धरून ठेवली आहेत. अष्टकोनी मनोऱ्याची ही इमारत १८८६ ची, तेव्हा रे मार्केट, आता महात्मा फुले मंडई. डिसेंबरातले मटार, पेरू, ओल्या हरभऱ्याच्या जुड्या. आई भाव विचारते, मिरजेचा भाव सांगते, न घेता पुढं जाते, परत येते, घेते. धाकटी बाबांच्या खांद्यावर जाऊ पाहते. मी तिला उचलते. बाबांनी नको म्हटलं नसतं, म्हणूनच उचलते.

दीड ते चार

सगळे झोपलेत. पुणेकरांच्या दुपारच्या झोपेवर महाराष्ट्रानं पुष्कळ विनोद केले. ज्या दुकानांमुळे ते झाले त्यांतली काही आता दुपारीही उघडी असतात. हा बदल लहान मुलं आणि आजी-आजोबा मानत नाहीत. थोरला झोपत नाही. त्याला हरभऱ्याचे घाटे सोलायला बसवलंय.

मी दोन फोन करते. एक संध्याकाळच्या खेळाची वेळ विचारायला. दुसरा नवऱ्याला, येताना दूध आण म्हणून. तिसरा करायचा होता मैत्रिणीला, तिच्या सासू-सासऱ्यांनाही एखाद्या दिवशी बरोबर घ्यायचं का विचारायला, पण तेवढ्यात माझाही डोळा लागतो.

साडेचार

दुपारची झोप झालेली माणसं आणि दुपारची झोप न झालेली माणसं यांना एकाच ठिकाणी नेऊन बघा, फरक कळेल. आता धाकटी स्वतः चप्पल घालते. बाबांनी शर्ट बदललाय.

कर्वे रस्त्याच्या बाजूला जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, आमच्यापासून दहा मिनिटांवर. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून एक अख्खं गाव मांडलं: रूळ, बोगदे, सिग्नल, उड्डाणपूल, रोपवे, सर्कशीचा तंबू. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. खेळ साधारण अर्ध्या तासाचा, बसून बघायचा. साडेतीन वर्षांचं मूल आणि दुखरे गुडघे या दोघांसाठी याहून नेमकं काही शहरात नसेल.

दिवे मंद होतात, छोट्या गावात रात्र होते, घराघरांत दिवे लागतात. गाड्या येतात, थांबतात, एकमेकींना वाट देतात. धाकटी आजोबांच्या मांडीवर, थोरला पुढे वाकलेला. निवेदन चालू असतं, त्याखाली बाबांचं दुसरं निवेदन हळू आवाजात. हात आडवा म्हणजे थांब. खाली झुकला म्हणजे ये. लांबचा सिग्नल आधी सांगतो की पुढं काय आहे, जवळचा सांगतो आत ये की नको. आमच्या मिरजेत तीन रुंदींचे रूळ होते एके काळी: मोठा, मधला आणि बार्शी लाइटचा चिमुकला. मधल्या रुळाची गाडी मोठ्यावर का चालत नाही? कारण चाकांमधलं अंतर. मग माणसं काय करायची? उतरायची आणि पळत दुसऱ्या फलाटावर जायची, डोक्यावर ट्रंक घेऊन. "तू पळालायस?" "मी पळणाऱ्यांना शिट्टी मारायचो."

खेळ संपल्यावर थोरला विचारतो, आजोबांनी खरे सिग्नल पाडलेत का. पाडलेत. हातानं? तारेनं, लांबून, दांडा ओढून. नोकरीला असताना ते घरी रेल्वेबद्दल फारसं बोलत नसत; रात्रपाळीहून आलेल्या माणसाला आम्ही झोपू द्यायचो. मी मागच्या रांगेतून ऐकत राहते. आई माझ्या कानाशी येऊन म्हणते, "आता दोन दिवस हेच."

सात

मुगाची खिचडी, भाजलेला पापड, हरभऱ्याची उसळ. साडेसातला जेवणं आटोपलेली. बाबा बातम्या लावतात आणि पहिल्या जाहिरातीलाच डुलक्या घेतात. धाकटी त्यांच्या शेजारी कोचावरच आडवी. अजून आठ वाजलेले नाहीत, शेजारच्या घरातून बाहेर जेवायला निघालेल्यांचे आवाज येताहेत.

साडेआठ

नवरा आला. दूध विसरला. त्याला ताट वाढून मी पुढच्या दिवसांचा विषय काढते. गुरुवारी त्याची सुट्टी, तेव्हा त्यानं एकट्या बाबांना आगाखान पॅलेसला न्यायचं ठरतं. ४२ सालच्या अटकेनंतर गांधीजींसोबत तिथं ठेवलेले महादेवभाई आणि कस्तुरबा दोघंही तिथंच वारले. बाबांना त्या समाध्यांपाशी निवांत उभं राहायचं असतं आणि निवांतपणा धाकटीसोबत मिळत नाही. रविवारी मात्र सक्तीची विश्रांती, कुठंही जायचं नाही, असं मी जाहीर करते.

आई हरभऱ्याची सालं गोळा करता करता म्हणते, "आम्ही दोघी जाणार आहोत. तुळशीबागेत. पितळेची भातुकली घ्यायचीय. मेट्रोनं मंडईला उतरायचं, मला कळलं आता."

"तिला घेऊन एकटी? गर्दी असते रविवारी."

"लवकर जाऊ की. तुझे बाबा राममंदिरात बसतील पिशवी घेऊन."

मी म्हणते, मग मीही येते.

"तू नको. तू मागं उभी राहून घड्याळ बघतेस, मग दुकानदार भाव उतरवत नाही. मेट्रोचं कार्ड तेवढं देऊन ठेव. आणि ती लिफ्ट कुठं आहे ते याला कागदावर काढून दे म्हणावं, थोरल्याला."